आध्यात्मिक वाढीचा रकाना

आमच्या नाताळ अंकाच्या संपादकांनी मला पत्र पाठवले, की आपण आपल्या आध्यात्मिक वाटचालीविषयी चार पाने लिहावीत. वाटचाल मी केली आहे, यात शंका नाही. महाडपासून पोलादपूरपर्यंत आणि पोलादपूरपासून डोंगरातल्या वाड्यांपर्यंत मी अनेक वर्षे पायी हिंडलो. त्या हिंडण्याने पोटऱ्या टणक झाल्या, एवढे मी खात्रीने सांगू शकतो. आत्म्याचे काय झाले, हे सांगण्याचा अधिकार माझ्याकडे आहे असे मला वाटत नाही. परंतु ज्या काळाविषयी मी लिहिणार आहे, त्या काळात तो अधिकार माझ्याकडे सोपवण्यात आला होता, आणि तोही छापील कागदावर.

मी मूळचा शिक्षक. पुण्याच्या एका हायस्कुलात सतरा वर्षे मराठीचे व्याकरण शिकवले आणि वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, ज्या वयात शहाणी माणसे निवृत्तीचा हिशेब मांडू लागतात, त्या वयात मिशनचा सुवार्तिक झालो. स्वभावाने मी बुजरा आहे. वर्गात फळ्याकडे तोंड करून शिकवण्याची सोय होती. सुवार्तिकाला ती नसते. त्याने बाजाराच्या दिवशी चौकात उभे राहून धर्मपुस्तिका विकाव्यात, आजाऱ्यांना भेटावे, पाळक नसतील त्या रविवारी उपासना चालवावी, अशी अपेक्षा असते. पाळक म्हणजे दीक्षा झालेला. प्रभुभोजनाची भाकर तोच देऊ शकतो. सुवार्तिक म्हणजे दीक्षेची वाट पाहणारा. आमचे पाळक तीन महिन्यांतून एकदा एस.टी.ने येत. उरलेले रविवार मी सांभाळत असे, आणि शक्यतो डोळे मिटून प्रार्थना लांबवत असे, कारण तेवढा वेळ समोरची माणसे दिसत नसत.

परंतु सुवार्तिकाचे खरे काम याहून निराळे होते. दर तिमाहीला एक प्रपत्र भरावे लागे. त्यात प्रत्येक सभासदाच्या नावापुढे एक रकाना होता: ‘आध्यात्मिक वाढ’. रकान्यात चारपैकी एक शब्द लिहायचा: उत्तम, मध्यम, मंद, खुंटलेली. ही कल्पना आमच्या अधीक्षक साहेबांची. साहेब परदेशातल्या शेतकऱ्याच्या घरचे होते, बंगल्याभोवती त्यांनी स्वतः बाग केली होती, आणि माणूस हे एक रोप आहे अशी त्यांची मनःपूर्वक श्रद्धा होती. “वाढ ही निरंतर क्रिया आहे, मास्तर,” ते कोशातून वेचलेल्या मराठीत मला म्हणत. “जे वाढत नाही, ते वाळते.” मी मान डोलवीत असे. निरंतर क्रिया दर तीन महिन्यांनी का मोजायची, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. कुलाबा जिल्ह्यातले तलाठी भाताची आणेवारी काढतात, तशी मी पवित्र आत्म्याची काढू लागलो.

या पद्धतीने काय घडत असे, याचा एक मासला देतो. पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत गंगाराम नावाचे शेतकरी राहत. नाचणी आणि वरी पिकवणारे, पन्नाशीकडे झुकलेले, भाऊ मुंबईला. मी गेलो की ओटीवर घोंगडी टाकत आणि मी बोलेन ते सारे एकाग्रतेने ऐकत. एवढा लक्षपूर्वक ऐकणारा माणूस मला त्या खोऱ्यात दुसरा भेटला नाही. नव्या जन्माचा विषय निघाला, की ते सरसावून बसत. मी प्रपत्रात ‘चौकशी करणारे’ या वर्गात त्यांचे नाव घातले आणि पुढे ‘उत्तम’ असे लिहिले. तिसऱ्या भेटीत त्यांनी आवाज उतरवून विचारले,

“मास्तर, तुमच्यात नवा जनम देतात, ह्ये खरं?”

“अगदी खरे,” मी म्हणालो. आणि आनंदाने घोंगडीवर पुढे सरकलो.

“त्याचा दाखला मिळतो?”

“कसला दाखला?”

“जनमाचा. भाव म्हनतो, मुंबईला गिरनीत चिकटवतो, पन वय जास्ती हाय. तुमी नवा जनम द्या. पन ह्या सालचा नको, मग मी अगदीच पाळन्यात जाईन. ईस-बावीस सालांमागचा द्या. तेवढा बस हाय.”

पुढच्या प्रपत्रात मी त्यांच्यापुढे ‘मंद’ लिहिले. साहेबांनी समासात लिहून विचारले, की एका तिमाहीत एवढी घसरण का. मी उत्तर दिले, की उमेदवार जन्माविषयी आग्रही आहे, परंतु तारखेविषयी मतभेद आहेत. साहेबांनी त्यावर ‘संयम ठेवा’ असा शेरा दिला.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती लिहायची नाही असे मी बरीच वर्षे ठरवले होते.

महाडच्या आमच्या मंडळीत प्रभुभोजन घेणारे एकंदर दहा सभासद होते. त्यांतल्या सर्वांत वयस्क सोनाबाई. त्यांचे यजमान मिशनच्या बंगल्यावर स्वयंपाकी होते. ते वारल्यावर बाई पोलादपूरला आपल्या माहेरच्या आळीत येऊन राहिल्या आणि सुकी मासळी विकू लागल्या. आळीत ख्रिस्ती घर त्यांचे एकट्यांचेच. लिहितावाचता येत नसे. प्रभुभोजनाच्या रविवारी त्या सकाळच्या एस.टी.ने महाडला येत आणि शेवटच्या बाकावर बसत, कारण टोपली सोबत असे आणि टोपलीला वास असे.

पहिल्यांदा प्रपत्र भरताना मी त्यांना विचारले होते, “सोनाबाई, गेल्या तीन महिन्यांत तुमची वाढ कशी झाली?”

“माझी?” त्या म्हणाल्या. “माझी वाढ व्हायची ती झाली, मास्तर. आता वाकायचं वय आलं. तुमचीच काय ती बघा, शर्टाची बटनं लागत नायत.”

मी ‘मध्यम’ लिहिले.

या मंडळीचे वडील होते दानियलराव. वडील हे आमच्याकडे पद असते; वय आणि ते यांचा संबंध नसतो. दानियलराव मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. औषधाच्या बाटलीवर कागदी खुणा चिकटवून चिकटवून त्यांना सगळ्याच गोष्टींवर खुणा चिकटवायची सवय लागली होती. कोण उपासनेत पेंगले, कोणाच्या घरी दिवाळीचा फराळ आला, कोणी तो खाल्ला आणि किती, याची त्यांना बित्तंबातमी असे. स्वतःच्या नावापुढचा रकाना ते माझ्या हातून घेऊन स्वतःच भरत. चार शब्द त्यांना अपुरे वाटत. ते ‘अत्युत्तम’ लिहीत.

एका तिमाही सभेत, दवाखान्याच्या मागच्या खोलीत, दानियलराव उभे राहिले. साहेब होते, पाळक होते, मी चिटणीस म्हणून कोपऱ्यात होतो. दानियलरावांनी खिशातून कागद काढून गंभीर आवाजात वाचले: “अत्यंत दुःखाने कळविणे प्राप्त आहे, की पोलादपूर येथील सभासद सोनाबाई यांनी ग्रामदेवीच्या देवळात नारळ वाढविला. मी एस.टी.च्या खिडकीतून स्वतः पाहिले.”

साहेबांनी एकदा कागदाकडे, एकदा दानियलरावांकडे पाहिले. आणि मग साहेबांचा चेहरा फुलला.

“पोलादपुरात नारळ वाढतो?” ते म्हणाले. “मला वाटत होते, तो केवळ किनाऱ्यावर वाढतो. आणि तोही शेजाऱ्यांच्या देवळाच्या आवारात! बंधूंनो, ही तर प्रीतीची वाढ आहे. विधवा स्त्री, वृद्ध, आणि ती अन्य धर्मीयांसाठी वृक्ष वाढविते, ज्याचे फळ ती स्वतः पाहणार नाही.” त्यांनी माझ्या हातातले प्रपत्र ओढून घेतले आणि सोनाबाईंच्या नावापुढे स्वतःच्या हाताने ‘उत्तम’ असे लिहिले.

दानियलरावांचे तोंड उघडे ते उघडेच राहिले. त्यांनी ‘फोडला’ म्हणायला हवे होते. पण त्यांच्या जिभेवर तो शब्द येईना. दोन पिढ्या ख्रिस्ती झालेला माणूस. जुने सारे टाकले म्हणून दर रविवारी साक्ष देणारा. परंतु नारळाच्या बाबतीत ‘फोडणे’ हा अशुभ शब्द उच्चारायला त्यांची जीभ अजून धजत नव्हती. आणि साहेबांना चुकीचे ठरवायला तर त्याहून धजत नव्हती. पाळक खाली पाहून चष्मा पुसू लागले. त्यांना सारे कळले होते, आणि काहीही न बोलण्याइतके शहाणपण त्यांच्यापाशी होते.

प्रकरण तिथेच मिटले असते. एका बाईचे भले एका कोशाने परस्पर केले होते. कोणाचे नुकसान नव्हते, कोणी खोटे बोललेले नव्हते.

त्या खोलीत एक माणूस असा होता, की ज्याने आयुष्यात कोणत्याही सभेत तोंड उघडले नव्हते. तो माणूस उभा राहिला.

“क्षमा असावी,” मी म्हणालो. “‘वाढविणे’ या क्रियापदाचा प्रस्तुत ठिकाणी अर्थ ‘फोडणे’ असा आहे. अशुभ टाळण्यासाठी मराठीत असा प्रयोग रूढ आहे. बांगडी वाढते, म्हणजे फुटते. दुकान वाढवतात, म्हणजे बंद करतात. त्याप्रमाणेच नारळ वाढविणे, म्हणजे तो देवतेपुढे फोडून अर्पण करणे.”

मी उदाहरणे फार स्पष्ट दिली. आवाजही चांगला लागला होता. सतरा वर्षांच्या शिकवण्यात माझे इतके नेमके स्पष्टीकरण झाल्याचे मला स्मरत नाही. मी खाली बसलो, तेव्हा चेहरा तापला होता आणि आत कुठेतरी समाधान वाटत होते, हे आज कबूल करतो. चूक दिसली की हात आपोआप तांबड्या शाईकडे जातो. माणूस त्या वहीत आहे, हे नंतर ध्यानात येते.

साहेबांनी ‘उत्तम’ खोडले. ‘खुंटलेली’ असे लिहिले. मूर्तिपूजेत सहभाग, म्हणून सोनाबाई जाहीर पश्चात्ताप करीपर्यंत त्यांचे नाव प्रभुभोजनाच्या यादीतून काढण्यात आले, आणि हे त्यांना समक्ष कळविण्याचे काम चिटणिसावर सोपविण्यात आले. म्हणजे माझ्यावर.

त्या तीन महिन्यांत मी पोलादपूरला सोनाबाईंकडे चार वेळा गेलो. प्रत्येक खेपेस वाटेत वाक्य जुळवले. व्याकरणदृष्ट्या ती वाक्ये निर्दोष होती. दारात पाऊल टाकले, की त्या चुलीवर चहाचे आधण ठेवत आणि मी पावसाविषयी बोलू लागत असे. चौथ्या खेपेस त्यांनी चहाची पितळी माझ्यापुढे ठेवली आणि सरळ विचारले,

“मास्तर, पोटात काय हाय ते बोला. अंडं घालायला जागा शोधनाऱ्या कोंबडीसारखे काय करताय?”

“काही नाही,” मी म्हणालो. “येत्या रविवारी प्रभुभोजन आहे.”

“ते मला म्हाईत नाय व्हय? पैल्या गाडीनं येनार.”

मी चहा संपवला आणि उठलो. मनाची समजूत घातली, की पाळकांना पत्र लिहून कळवावे, ते बाजूला घेऊन सांगतील. पत्र लिहिले नाही.

रविवारी सोनाबाई आल्या. टोपली दारात ठेवून शेवटच्या बाकावर बसल्या. धुवट हिरवे लुगडे, डोक्यावरून पदर. पाळकांनी भाकर आशीर्वादित केली, आणि दानियलराव ताटली घेऊन बाकांमधून फिरू लागले. आमच्याकडे भाकरीचे लहान तुकडे केलेले असत. प्रत्येकाने एक उचलायचा, हातात धरायचा आणि पाळकांनी सांगितल्यावर सर्वांनी एकदम खायचा. मी पहिल्या बाकावर होतो. माझा तुकडा माझ्या तळव्यावर होता. दानियलराव शेवटच्या बाकापर्यंत गेले, सोनाबाईंनी पुढे केलेल्या ओंजळीकडे पाहिले आणि वळून परत निघाले.

“ओ दानियलराव,” मागून आवाज आला, “इतं वाढायचं राहिलं.”

दानियलराव चालत राहिले.

“अवो!” आता आवाज चढला. “पंगतीत मानूस बसलंय, दिसत नाय? की म्हातारीचं तोंड आवडत नाय?”

कोणी हसले. कोणी मागे वळून पाहिले आणि पुन्हा पुढे. पाळकांनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या नजरेत प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर माझ्या चेहऱ्यावर त्यांना मिळाले असावे, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले आणि स्तोत्राचा आकडा सांगितला, जो उपासनेच्या क्रमात त्या जागी नव्हता.

मी उठलो. का, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. धैर्याने उठलो असे म्हणण्याची सोय नाही. तळव्यावरचा तो तुकडा मला धरवेना, एवढेच. नऊ माणसांच्या नजरा पाठीवर घेऊन मी बाकांमधून मागे गेलो आणि सोनाबाईंच्या शेजारी बसलो. तुकड्याचे दोन केले. एक त्यांच्या ओंजळीत ठेवला. सुवार्तिकाला हे करण्याचा अधिकार नाही. यादीबाहेरच्या व्यक्तीला देण्याचा तर पाळकालाही नाही.

“सोनाबाई,” मी म्हणालो, “चूक माझी आहे.”

“आसंल,” त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातातला उरलेला कुटका पाहून हळूच पुटपुटल्या, “पन येवढ्यात तुमाला पुरंल का?”

उपासना संपल्यावर मी त्यांची टोपली उचलून एस.टी. स्टँडपर्यंत त्यांच्यासोबत गेलो आणि सारे सांगितले. सभा, क्रियापद, खोडलेला शब्द, यादी. त्या ऐकत होत्या. बाकावर बसून त्यांनी पायांतल्या वहाणा काढल्या.

“धोंडीचे पाय सुजले व्हते,” त्या म्हणाल्या. “शेजारीन हाय माझी, लानपनापास्नं. तिचा ल्योक मुंबईत इस्पितळात मरता मरता वाचला. तिला चालवत नाय, तर म्हनाली, सोने, माझा नवस राहील गो. नारळ तिचा, नवस तिचा, देवी तिची. माझा फकस्त हात. आता तेवढा हात कापायचा हाय का तुमच्या कमिटीला?”

“पश्चात्ताप झाला असे म्हणालात, तर नाव परत लागेल.”

“नाय झाला. झाला म्हनले तर खोटं व्हईल. खोटं बोलून नाव लावू?”

मी टोपली या हातातून त्या हातात घेतली.

“आनि मास्तर,” त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “तुमाला समदं म्हाईत व्हतं. तरी तीन म्हयने माझ्या घरी येऊन चा पिऊन गेलात.”

“हो.”

“गोड व्हता ना?”

गाडी लागली. त्या चढल्या. मी टोपली वर दिली, आणि कंडक्टर वासावरून कुरकुरला, त्याला त्यांनी जे ऐकवले ते या अंकात छापता येणार नाही.

साहेबांनी माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. त्या वर्षी माझी दीक्षा व्हायची होती; झगा शिवायला टाकला होता. मी खुलाशाचे सात मसुदे केले आणि एकही पाठवला नाही. प्रपत्रात कार्यकर्त्याच्या वाढीचाही एक रकाना असे. त्यात माझ्या नावापुढे आजवर ‘मध्यम’ असे. त्या तिमाहीत साहेबांनी ‘खुंटलेली’ लिहिले, आणि दीक्षा अधिक वाढ होईपर्यंत पुढे ढकलली. ती पुढे गेली ती गेलीच. झगा शिंप्याने परत घेतला नाही. मी तो एका नव्या पाळकांना दिला, त्यांना तो खांद्यात घट्ट होई. निवृत्त झालो तो सुवार्तिक म्हणूनच. मला यात अन्याय दिसत नाही. मी वाढलो असेन, तर साहेबांच्या चार शब्दांत मावेल अशा रीतीने नाही. आणि एखाद्याने आज तो कागद पुढे केला, तर मी लिहीन, की काम चालू आहे, मजूर मंद आहे.

सोनाबाईंचे नाव मात्र दोन तिमाहींत परत लागले. पश्चात्तापामुळे नव्हे. मिशनचा एक नियम असा होता, की प्रभुभोजन घेणारे दहा असतील तरच तिला ‘मंडळी’ म्हणावे. त्याहून कमी झाले तर ते ‘उपकेंद्र’. आणि उपकेंद्राला वडील नसतात. सोनाबाई गेल्यावर नऊ उरतात, हे दानियलरावांच्या ध्यानात आले तेव्हा त्यांना दोन दिवस ताप होता म्हणतात. पुढच्या सभेत साहेब मायदेशी रजेवर होते. दानियलरावांनी उभे राहून साक्ष दिली, की त्या रविवारी सोनाबाईंच्या डोळ्यांत त्यांनी पश्चात्तापाचे अश्रू प्रत्यक्ष पाहिले. ठराव मंजूर झाला. चिटणिसाने तो नोंदवला, शब्दही न बदलता.

नाव परत लागल्यानंतरच्या पहिल्या प्रभुभोजनाला सोनाबाई पुन्हा शेवटच्या बाकावर होत्या. ताटली आली. दानियलरावांनी ती जरा जास्तच वाकून पुढे केली. बाईंनी तुकडा उचलला, त्याचे दोन केले, आणि अर्धा शेजारी बसलेल्या दवाखान्याच्या दाईच्या हातात ठेवला. दाईकडे तिचा स्वतःचा होताच. ती गोंधळली.

“घे की,” सोनाबाई म्हणाल्या. “आता अशी रीत झाली हाय. मास्तरांनी नाय का मला दिला.”

दाईने घेतला, आणि मग नुसते घेऊन बसणे बरे दिसेना, म्हणून आपल्यातला अर्धा पुढच्या बाकावर दिला. पाळकांनी उपासनेनंतर समजावले, की असे करण्याचे कारण नाही, प्रत्येकाला एक मिळतो. सोनाबाईंनी मन लावून ऐकले आणि पुढच्या वेळी पुन्हा तसेच केले. चार-पाच प्रभुभोजनांनंतर पाळकांनी समजावणे सोडले. आणखी वर्षभरात दानियलरावही देऊ लागले, अर्थात स्वतःचा मोठा भाग ठेवून.

काही वर्षांनी मुंबईहून मिशनचे एक बडे अधिकारी पाहणीला आले. वयस्क, विद्वान, कडक इस्त्रीचा सूट. पुढच्या बाकांवर जागा असूनही, नम्रता दाखवण्यासाठी ते शेवटच्या बाकावर सोनाबाईंच्या शेजारी जाऊन बसले. ताटली फिरली. सगळीकडे तुकडे मोडून इकडून तिकडे जाऊ लागले. अधिकाऱ्यांनी हळूच दानियलरावांना विचारले, ही प्रथा कधीपासूनची.

“पूर्वापार,” दानियलराव म्हणाले.

अधिकाऱ्यांनी टिपणवही काढली. तेवढ्यात सोनाबाईंनी मासळीच्या वासाच्या बोटांनी आपला अर्धा तुकडा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी त्या तुकड्याकडे पाहिले, मग आपल्या हातातल्या अखंड तुकड्याकडे, मग मदतीसाठी माझ्याकडे.

“घ्या वो,” सोनाबाई म्हणाल्या. “लाजताय काय? तुमचाबी मोडा. मला अर्धा द्या.”

वही कुठे ठेवावी हे त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी ती काखेत धरली आणि दोन्ही हातांनी मोडू लागले.